कितीची फ्लाइट?

प्रवासाला निघालेल्या माणसाला आपल्याकडे हाच प्रश्न आधी विचारतात. कुठं चाललाय हे ठाऊक असतंच. घरातून कधी निघायचं, डबा कधी करायचा, गाडीवाल्याला कितीला बोलवायचं, हे सगळं त्या एका वेळेवर बसवायचं असतं. साताऱ्या-सांगलीहून मुंबईचं विमान गाठणाऱ्या कुटुंबाची तर अख्खी रात्र तिच्या हाती असते. तिकीट काढताना मात्र ती वेळ आपण नीट पाहत नाही. भाडं पाहतो, हजार-पाचशे वाचत असले की पहाटे पाच चाळीसचं तिकीट काढून मोकळे होतो. ती वेळ तिथं का आहे, कुणाच्या सोयीसाठी आहे आणि तिची किंमत कोण मोजतंय, याचा शोध घ्यायला लागल्यापासून माझी तिकीट काढायची रीत बदलली. त्या शोधात जे हाती लागलं ते इथं मांडतोय.

सुरुवातीला वेळ ठरवण्याचा अधिकार फक्त सूर्याकडे होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून टपाल घेऊन निघाले, तेव्हा सकाळचे ६ वाजून ३५ मिनिटं झाली होती. पस मॉथ जातीचं एका इंजिनाचं छोटं विमान आणि त्यात सुमारे २५ किलो टपाल. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेले पेट्रोलचे डबे टाकीत रिकामे झाले आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते जुहूला उतरले. विमानात रेडिओ नव्हता. खालचा किनारा, नदीचं मुख, रेल्वेचे रूळ ओळखत जायचं, त्यामुळे उजाडताच निघायचं आणि दिवस असेतो पोचायचं, एवढंच वेळापत्रक. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई, मग सगळा कारभार पुण्याला हलत असे. तासच काय, महिनेसुद्धा आभाळाला विचारून ठरत.

रात्र हाताशी आली ती नागपूरमुळे. ही हकिकत विदर्भाबाहेर फारशी कुणाला माहीत नसते, म्हणून जरा थांबून सांगतो. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते आणि त्यांनी ती नेटानं उभी केली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर चारही विमानं नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची. मद्रासच्या विमानातलं दिल्लीचं टपाल दिल्लीच्या विमानात, कलकत्त्याचं मुंबईच्या. मग प्रत्येक विमान आलं त्या दिशेनं परत फिरायचं आणि उजाडताना आपापल्या शहरात उतरायचं. संध्याकाळी मुंबईत पेटीत पडलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात पोस्टमनच्या हातात. १ एप्रिल १९४९ पासून तर देशांतर्गत पत्रं जादा आकार न घेता विमानानं जाऊ लागली.

या रात्रीच्या विमानांतून प्रवासीही जात. डाकोटा विमान, इंजिनांचा घरघराट आणि मध्यरात्री सोनेगावला विमान बदलणं. चार दिशांची माणसं तासाभरासाठी एका छपराखाली येऊन पुन्हा चार दिशांना पांगायची. आज ज्याला आपण ‘हब’ म्हणतो, ती कल्पना नागपूरनं त्या काळी रात्रीच्या रात्री, दोन दशकांहून अधिक काळ चालवून दाखवली. आणि तिथं वेळ ठरली होती ती पत्र लिहिणाऱ्याच्या सोयीनं. माणूस दिवसा लिहितो आणि सकाळी उत्तराची वाट पाहतो, तर मधल्या रात्रीत विमानानं काम उरकावं. वेळेचा इतका माणसाळलेला विचार मला पुढच्या वेळापत्रकांत क्वचितच दिसला.

आता दिवे आहेत, रडार आहे, उपकरणांच्या भरवशावर उतरता येतं. तरी काही ठिकाणी सूर्याचा हुकूम अजून चालतो. लेह हे आपल्या ओळखीचं उदाहरण. लेहची धावपट्टी सुमारे ३२५० मीटर उंचीवर आहे. तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम पाऊणपट. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो. ऊन चढलं की हवा आणखी विरळ होते. त्यातच दुपारी दऱ्यांमधून वारा उठतो. म्हणून लेहची विमानं प्रामुख्यानं सकाळी जातात-येतात. दिल्लीहून लेहला जाणाऱ्याला मध्यरात्री उठून विमानतळ गाठावा लागतो, त्याचं मूळ या डोंगरांत आहे.

मुक्तिनाथला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंना हाच अनुभव नेपाळात येतो. पोखऱ्याहून जोमसोमचं विमान वीस-पंचवीस मिनिटांचं, पण ते सकाळीच. धौलागिरी आणि अन्नपूर्णा या दोन आठ हजारी शिखरांच्या मधून काली गंडकीची दरी जाते. सूर्य वर आला की वरचं तिबेटकडचं पठार तापतं, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला खालची हवा त्या चिंचोळ्या दरीतून वर धावते. दहा-अकराच्या सुमाराला वारा असा सुटतो की लहान विमानानं तिथं उतरू नये. सकाळी ढग असले तर वाट पाहायची, आणि ढग हटेपर्यंत वारा सुटला तर त्या दिवसाचं विमान रद्द. प्रवासी चिडतात. मला वाटतं, त्या दरीत वैमानिकानं नाही म्हटलं की त्याचे आभार मानावेत. मुक्तिनाथाची यात्रा आखताना पोखऱ्याला एक दिवस हातचा ठेवला की ही चिडचिडही होत नाही.

सपाटीवर हेच नियम सौम्य रूपात लागू असतात. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा साधारण नऊ टक्के विरळ असते, म्हणजे तेच विमान तेवढ्याच वजनानिशी उचलायला धावपट्टी जास्त लागते. तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट वर चढत असतात आणि उतरताना विमान त्यांच्यातून जातं. दुपारच्या विमानात हादरे बसतात, पोटात ढवळतं, लहान मुलं रडतात, त्याचं कारण हेच. सकाळी सातच्या विमानात तीच हवा शांत असते. वळवाचे ढगही दुपारनंतरच उभे राहतात. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी बंगळूरला किंवा कलकत्त्याला उतरणारं विमान आभाळात घिरट्या घालत बसण्याची शक्यता सकाळच्या विमानापेक्षा खूप जास्त. विमानाची भीती वाटणाऱ्या माणसाला धीराच्या चार गोष्टी सांगण्यापेक्षा त्याचं तिकीट सकाळचं काढावं.

याला एक मोठा अपवाद म्हणजे दिल्लीचा हिवाळा. डिसेंबर-जानेवारीत निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, जमिनीलगतची दमट हवा थंडावते आणि धुकं धरतं. ते सर्वांत दाट असतं पहाटे आणि सूर्योदयानंतरचे काही तास. धुक्यात उतरण्याची उपकरणं दिल्लीत आहेत. धावपट्टीवरची दृश्यता ५० मीटरपर्यंत घसरली तरी तिथं उतरता येतं, पण त्यासाठी विमान तसं सज्ज लागतं आणि वैमानिकांनी त्याचं खास प्रशिक्षण घेतलेलं लागतं. शिवाय एका विमानामागून दुसरं सोडताना अंतर वाढवावं लागतं, आणि सगळी रांग मंदावते. तेव्हा जानेवारीत पुण्याहून दिल्लीला जायचं असेल, तर पहिलं विमान धरण्यात शहाणपण नाही. साडेअकरा-बाराला निघावं.

एरवी ‘पहिलं विमान धरा’ हा सल्ला खरा आहे, आणि त्याचं कारण आभाळापेक्षा व्यवहारात आहे. देशांतर्गत मार्गावरचं विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं. उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत अर्धा-पाऊण तास, तेवढ्यात माणसं उतरवायची, साफसफाई, इंधन, सामान, नवी माणसं. पहिल्या फेरीला वीस मिनिटं उशीर झाला की तो दुसरीत शिरतो, तिथं त्याला आणखी दहा मिनिटं चिकटतात आणि रात्रीच्या फेरीपर्यंत दीड तास होतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला उशिराची कारणं प्रसिद्ध करतं. त्यात आधीच्या फेरीमुळे पुढच्या फेरीला झालेला उशीर हे कारण सातत्यानं सर्वांत मोठं असतं. पहाटेचं विमान आदल्या रात्रीच येऊन उभं असतं, त्याला आधीची फेरीच नसते. रात्री साडेनऊचं तिकीट काढणारा माणूस दिवसभरातल्या सगळ्या शहरांतला उशीर विकत घेत असतो.

मुंबईत हा गुंता अधिकच घट्ट आहे. तिथं धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. एवढ्या एका वाटेवरून दिवसाला नऊशे-हजार विमानं ये-जा करतात. पावसाळा संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक दिवस सकाळी ११ ते संध्याकाळी ५ दोन्ही धावपट्ट्या दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. विमान कंपन्यांना ते महिनोन् महिने आधी कळवलेलं असतं.

पुण्यात आणि गोव्यात वेळ ठरवण्यात सैन्याचाही हात आहे. लोहगाव हा हवाई दलाचा तळ. २६ ऑक्टोबर २०२० पासून जवळपास वर्षभर धावपट्टीच्या कामासाठी तिथं रात्री ८ ते सकाळी ८ उड्डाणं बंद होती आणि १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात तर विमानतळ पूर्ण बंद ठेवला होता. गोव्याचा दाबोळी म्हणजे नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ तळ. तिथं आठवड्याचे पाच दिवस साधारण सकाळी साडेआठ ते दुपारी एक ही वेळ नौदलाच्या सरावासाठी राखीव असे. गोव्याला दुपारीच पोचायचं, हे पर्यटकांच्या अंगवळणी पडलं ते यामुळे. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या नव्या विमानतळावरून विमानं सुटू लागली आणि गोव्याची सकाळ मोकळी झाली. शिर्डीची गोष्ट याच्या उलट. विमानतळ २०१७ पासून चालू, पण रात्री उतरता येत नसे. मार्च २०२५ अखेरीस रात्रीचं विमान सुरू झालं, आणि हैदराबादचा भाविक रात्री उतरून पहाटेच्या काकड आरतीला उभा राहू शकला. विमानतळाची वेळ देवळाच्या वेळेशी जुळली, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

पण ज्या वेळेबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ती मुंबईची मध्यरात्र.

रात्री एकच्या सुमाराला सहारच्या टर्मिनल दोनवर जाऊन पाहावं. भर दुपारी दादर स्टेशनवर नसेल एवढी गर्दी. मुलाकडे न्यू जर्सीला किंवा मुलीकडे स्टुटगार्टला निघालेले आई-वडील. बॅगेत मेतकूट, थालीपीठाची भाजणी, गोडा मसाला. वजन जास्त भरलं म्हणून बाजूला बसून पुन्हा उघडलेली बॅग. सत्तरीतली आजी व्हीलचेअरवर पेंगतेय आणि आजोबा पासपोर्ट तिसऱ्यांदा चाचपून पाहतायत. ही माणसं घरी साडेनऊला झोपणारी आहेत. अशा माणसांना आयुष्यातल्या सर्वांत लांब प्रवासाला मध्यरात्री कशासाठी काढायचं?

उत्तर बरंचसं युरोपच्या झोपेत आहे. फ्रँकफर्ट विमानतळावर रात्री ११ ते पहाटे ५ नियमित विमानं उडत नाहीत, उतरत नाहीत. तिथली चौथी धावपट्टी ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झाली त्याच महिन्यात न्यायालयानं ही बंदी घातली आणि एप्रिल २०१२ मध्ये लाइपझिगच्या संघराज्य प्रशासकीय न्यायालयानं ती कायम केली. लंडनच्या हीथ्रोवर रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळेत वर्षाला ५८०० उड्डाणांचीच मर्यादा आहे. म्हणजे युरोपात पोचायचं ते सकाळी. हिवाळ्यात आपलं घड्याळ जर्मनीच्या साडेचार तास पुढे असतं. मुंबईहून पहाटे २ ला निघालेलं विमान साधारण नऊ तासांनी, आपल्या ११ वाजता, म्हणजे तिथल्या सकाळी साडेसहाला उतरतं. विमानतळ नुकताच जागा झालेला असतो. तिथून दुपारपर्यंत अमेरिकेकडे विमानांमागून विमानं सुटतात आणि मुंबईचा प्रवासी त्यांतल्या एकात बसून त्याच दिवशी दुपारी-संध्याकाळी अमेरिकेत पोचतो. तेच विमान युरोपातून दुपारी निघून मध्यरात्रीच्या सुमाराला मुंबईत आलेलं असतं आणि दोन तासांत परत फिरतं. विमान रिकामं उभं राहत नाही, कंपनीचा हिशेब जुळतो, फ्रँकफर्ट झोपतं. जागी राहते ती मुंबई.

आखाताच्या विमानांचंही असंच. दुबई, दोहा ही शहरं आपल्या विमानांच्या लाटा मध्यरात्रीच्या आसपास आखतात. तिथल्या उन्हाळ्यात भरलेलं मोठं विमान रात्रीच्या हवेत सोपं उचलतं, आणि पुढे युरोपात सकाळी पोचता येतं. रत्नागिरी-रायगडहून कुवेत-दुबईला कामाला जाणारी माणसं मग एसटीनं किंवा गाडीनं रात्रभर जागत विमान गाठतात.

फ्रँकफर्टच्या रहिवाशांनी झोपेसाठी वर्षानुवर्षं लढा दिला, न्यायालयापर्यंत गेले, याबद्दल मला आदर आहे. पण मग घाटकोपर, कुर्ला, साकीनाका, जरीमरीतल्या माणसांचं काय? मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमानं या वस्त्यांच्या डोक्यावरून येतात. पत्र्याच्या छपराखाली दहा बाय बाराच्या खोलीत बाळंतीण आहे, दहावीचा मुलगा आहे, दुसऱ्या पाळीहून आलेला कामगार आहे, आणि दर दोन-तीन मिनिटांनी छप्पर थरथरतं. मुंबई विमानतळाला रात्रीची बंदी नाही. विमानाचा आवाज कमी करण्याचे नियम आहेत, पण ‘या वेळेत विमान नको’ असं म्हणण्याचा हक्क या माणसांना कुणी दिलेला नाही. जर्मन माणसाच्या झोपेला न्यायालयात वजन आहे आणि कुर्ल्याच्या माणसाच्या झोपेची साधी मोजदादही नाही, ही मला अन्यायाची गोष्ट वाटते.

नवी मुंबईचा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन होऊन २५ डिसेंबरला वाहतुकीला खुला झाला. सुरुवातीला तो सकाळी ८ ते रात्री ८ एवढाच चालत होता. शहराला दोन विमानतळ मिळाले आहेत, तर निदान एका जागी मध्यरात्रीनंतरचे चार तास शांत ठेवता येतील का, हा प्रश्न महापालिकेत आणि विधानसभेत आता विचारला पाहिजे. उलवे-पनवेलची वस्ती आणखी दाट झाल्यावर तो विचारणं अवघड होईल.

जागं राहणाऱ्यांत वैमानिकही आले. मध्यरात्रीनंतर दोन ते सहा या वेळेत माणसाचं शरीर सर्वांत सुस्त असतं. लक्ष कमी होतं, निर्णयाला वेळ लागतो. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याला निघालेल्या विमानाचा कॅप्टन बोर्डिंग गेटपाशीच कोसळला आणि गेला. त्या मृत्यूचा संबंध थकव्याशी जोडता येणार नाही, पण वैमानिकांच्या विश्रांतीची चर्चा त्या वेळी जोरात झाली. जानेवारी २०२४ मध्ये महासंचालनालयानं नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत. रात्रीच्या कामात सहाऐवजी जास्तीत जास्त दोनदा उतरणं. हे नियम दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले.

डिसेंबरच्या सुरुवातीला काय झालं ते सर्वांनी पाहिलं. ५ डिसेंबर २०२५ या एका दिवशी इंडिगोची हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. नव्या नियमांनुसार पुरेसे वैमानिक कंपनीकडे नव्हते. विमानतळांवर माणसं बॅगांवर डोकं टेकून झोपली, लग्नं चुकली, परीक्षा चुकल्या. आणि मग कंपनीला रात्रीच्या कामाच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत दिली गेली. प्रवाशांचे हाल थांबवणं भाग होतं हे मान्य. पण तयारीला दीड वर्षाहून अधिक काळ हाताशी असताना भार शेवटी वैमानिकाच्या झोपेवरच टाकला गेला, हे मला पटलेलं नाही. पहाटे साडेचारला धावपट्टी समोर दिसत असताना ज्याचे डोळे ताजे हवेत, त्याच्या विश्रांतीत सूट देण्यासारखं काही नसतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून विमान कंपन्यांचं हिवाळी वेळापत्रक लागू होतं आणि मार्चच्या शेवटच्या शनिवारपर्यंत चालतं. म्हणजे नोव्हेंबरात येणाऱ्या दिवाळीला घरोघर निघणारी तिकिटं याच वेळापत्रकातली. माझ्या घरात आता भाडं बघायच्या आधी वेळ बघतात. नऊ-दहाच्या आसपासचं विमान मिळालं तर हजार रुपये जास्त देऊन ते घेतात. पहाटेच्या विमानात वाचलेले पैसे रात्रीच्या टॅक्सीत जातात, आणि म्हाताऱ्या माणसाला दोनला उठवलं की पुढचे दोन दिवस त्याला सावरायला लागतात. परदेशचं तिकीट असेल आणि मध्यरात्र टळणार नसेल, तर आदल्या दिवशी दुपारीच मुंबईत जाऊन कुणा नातेवाइकाकडे थांबायचं.

आणि गाडीवाला. कोल्हापूर-साताऱ्याहून विमानतळापर्यंत आणणारी भाड्याची गाडी रात्री दोनला आपल्याला उतरवते आणि तशीच रिकामी परत फिरते. द्रुतगती मार्गावर पहाटे चारला, ट्रकच्या रांगांमधून, खंडाळ्याच्या घाटात तो माणूस एकटा असतो, आणि तोही आदल्या सकाळपासून जागा असतो. हल्ली भाडं ठरवतानाच आम्ही त्यात त्याच्या मुक्कामाचे पैसे धरतो आणि पनवेलला किंवा कळंबोलीला कुठंतरी पाच-सहा तास झोपून उजाडल्यावर निघ, असं त्याला आधीच सांगून ठेवतो.